सयाजीमामांचा अंगठा

राजारामपुरीत बुटांची दुकानं पायलीला पन्नास मिळतील. पण पळायचा बूट घ्यायचा असला की माणूस आठव्या गल्लीत शांतिनाथशेठच्या दुकानात यायचा, आणि दुकानात येऊनही शेठकडं बघायचा नाही. काउंटरच्या कोपऱ्यात स्टुलावर एक हाडकुळा, पांढऱ्या मिशांचा गडी बसलेला असायचा, त्याच्या पुढ्यात बॉक्स सरकवायचा. ते सयाजीमामा. कळंब्याच्या तळ्याकाठी सकाळी पळणाऱ्या सगळ्या पोरापोरींचे मामा. सव्वीस वर्षं त्या दुकानात नोकर, पण रुबाब असा की बघणाऱ्याला वाटावं शेठच यांच्या हाताखाली आहेत.

मामांची बूट बघायची रीत ठरलेली. आधी बूट डाव्या तळहातावर घ्यायचा आणि डोळे मिटून वजन सांगायचं. एकदा कुणीतरी पैज लावली, बूट नेऊन शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला, तर मामा चार ग्रॅमनं चुकले. तेवढ्यासाठीही त्यांनी काट्यालाच शिव्या घातल्या. मग टाचेची मागची बाजू चिमटीत धरून दाबायची, बूट ओल्या टॉवेलासारखा पिळून बघायचा, काचेवर ठेवून खाली वाकून तो कुठं कलतोय का ते न्याहाळायचं. आणि शेवटी अंगठा. बुटाच्या आत हात घालून, चवड्याच्या जागी उजवा अंगठा सोलात रोवायचा, उचलायचा, आणि खड्डा किती वेळात भरतोय ते बघायचं. झटकन भरला तर सोल कडक, सावकाश भरला तर मऊ, आणि भरलाच नाही तर मेलेला. जो सोल अंगठ्याला उलटं ढकलतो तोच पायाला ढकलतो, असं त्यांचं शास्त्र. एवढं सगळं झाल्यावर तोंडातून शब्द एकच निघायचा, “घे” नाहीतर “ठेव”. त्यावर अपील नाही.

हे शास्त्र मामा कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. एकविसाव्या वर्षी स्वतःचा पाय फाडून शिकले होते. गगनबावड्याच्या अलीकडचं गाव, तांबड्या चिखलात अनवाणी पळणारं पोरगं, जिल्ह्यात पहिलं आलं. राज्याच्या शर्यतीला निघायच्या दिवशी गावानं कौतुकानं नवेकोरे बूट दिले. पोरानं ते घालून शर्यत धरली. चौथ्या किलोमीटरला दोन्ही टाचा सोलल्या, सहाव्याला मोजे रक्तानं भरले, आणि गडी रस्त्याकडेच्या दगडावर बसला तो बसलाच. त्यानंतर कुठली शर्यत नाही की कुठली भरती नाही. तेव्हापासून मामा सांगायचे, नवी वहाण चावते, तेल आणि घाम पिऊन मग ती आपल्या पायाची होते. बुटाचंही तसंच, बूट मुरला पाहिजे. त्यांच्या काळातल्या जाडजूड बुटांना ते अगदी खरं होतं. पण माणसाचं काय असतंय, एकदा खरी ठरलेली गोष्ट तो जन्मभर उराशी धरतो, आणि जग पुढं गेलेलं त्याला कुणी सांगायला गेलं की डोळे वटारतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, दुकानात एक नवा बूट आला. एकशे नव्वद ग्रॅम. हातात घेतला तर रिकामा बॉक्स उचलल्यासारखं वाटायचं. मामांचा अंगठा आत गेला आणि असा उसळून वर आला की मामा स्टुलावरून उठून उभे राहिले. कंपनीचा माणूस मात्र बजावून गेला, हा बूट शर्यतीचा आहे. शर्यतीच्या आधी चार-दोन वेळा पायात घाला आणि ठेवून द्या. रोजच्या सरावाला जाड सोलाचा दुसरा जोड घ्या, नाहीतर यातला फोम महिना-दोन महिन्यांत दबून बसेल. शांतिनाथशेठ आता थकले होते, दुकान त्यांचा मुलगा वृषभ बघायचा. त्यानंही गिऱ्हाइकांदेखत तेच सांगितलं, म्हणाला, मामा, ह्या बुटाला मुरवायचं नसतं, ह्याला जपायचं असतं.

झालं. काल मिसरूड फुटलेल्या पोरानं चारचौघांत शिकवलं म्हटल्यावर मामांचं डोकं फिरलं. पंगतीला एक तोंड आणि घरला एक तोंड असं असतंय व्हय, म्हणाले. ज्या बुटात जिंकायचं त्याच बुटात घाम गाळायचा. हा बूट सरावालाही चालतो आणि शर्यतीलाही चालतो, हा माझा शब्द. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आणि शब्द खरा करून दाखवायला पहिला जोड त्यांनी कुणाला दिला, तर सख्ख्या भाचीला.

अनुजा ही मामांच्या धाकट्या बहिणीची, झुंबरबाईची मुलगी. कळंब्याला तिघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. दोनदा थोडक्या गुणांनी राहिली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची, कारण पुढच्या भरतीला तिचं वय बसत नव्हतं. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. लेखी परीक्षेत अनुजा पक्की होती, आठशे मीटरमधले पाच-सहा सेकंद तेवढे कमी करायचे होते. तेवढ्या पाच-सहा सेकंदांवर वर्दी अडली होती. मामांनी बूट तिच्या हातात ठेवून “घे” म्हटलं, तेव्हा पोरीनं तो कपाळाला लावला.

पुढं तीन-साडेतीन महिने ती त्या बुटात पळाली. आठवड्यातून सहा दिवस, तळ्यापासून जेलच्या भिंतीकडेनं पार बायपासपर्यंत आणि परत, सगळा डांबरी रस्ता. तिचं बघून आणखी आठ-नऊ पोरींनी तोच बूट घेतला. पण कुणाकडं घरी जुना जोड होता, कुणी आठवड्यातून तीनदाच पळायची. मामांचा शब्द शब्दशः पाळणारी एकटी अनुजाच. सुरुवातीला वेळ खरंच कमी झाली. मामा दुकानात येईल त्याला ते आकडे सांगायचे आणि तिरक्या नजरेनं वृषभकडं बघायचे.

फेब्रुवारीत, चाचणीला बरोबर तीन आठवडे राहिले असताना, अनुजा दुपारची दुकानात आली. डाव्या नडगीत आतल्या बाजूला दुखत होतं. सगळा पाय नव्हे, एका बोटाएवढी जागा, पण तिथं बोट ठेवलं की जीव जायचा. तिनं बूट काढून मामांच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, मामा, बूट बसलाय का बघा की.

मामांनी हात आत घातला. अंगठा रोवला. अंगठा आत गेला तो थेट तळाला जाऊन टेकला, खालच्या रबराच्या रेघा त्याला लागल्या. मामांनी अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला.

बूट मेलेला होता. सव्वीस वर्षांत हजारो बूट त्या अंगठ्याखालून गेले होते, त्यात चुकायला जागाच नव्हती. मामांना कळलं, पक्कं कळलं. त्याच वेळी काउंटरपलीकडून वृषभ मान वर करून बघत होता. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली एक पोरगी तोच बूट घ्यायला आलेली. मामांनी हात बाहेर काढला.

“बूट ठणठणीत हाय,” ते म्हणाले. “तुझं मन कच्चं पडालंय. आंबेहळद लाव आणि पळ.”

एवढंच. मागं-पुढं करायला दहा सेकंदंही गेली नाहीत. खोटं बोलायला असा किती वेळ लागतो? अनुजानं मान हलवली, बूट घातला, आणि लाजल्यासारखी हसून गेली. मामांनी त्या पोरीलाही बूट दाखवला आणि तिलाही “घे” म्हटलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःची समजूत घातली, तीन आठवडे तर राहिलेत, एकदा चाचणी होऊ दे, मग नवा घेऊन देऊ. उद्या फोन करून सांगू, असंही एकदा मनात आलं. उद्या काही उगवला नाही.

चाचणीच्या दिवशी मामा मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभे होते. पहिल्या फेरीत अनुजा तिसरी होती, दुसऱ्या फेरीत दुसरी. शेवटच्या वळणाला मामांना वाटलं, जमलं. आणि पोरगी खाली बसली. पडली नाही, कुणी हाक मारून बसवावं तशी बसली. मग उठली, उजव्या पायावर लंगडी घालत आठ-दहा पावलं गेली, आणि पुन्हा बसली. तिच्या बाजूनं बाकीच्या पोरी पळत पुढं गेल्या. मामांचे हात तारेत अडकले होते, ते त्यांना सोडवता येईनात.

नडगीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, हे आजचं नाही, हाडाला केसाएवढी चीर महिनाभर आधीपासून असणार. तीन आठवडे पायाला विश्रांती मिळाली असती तर आपोआप भरली असती. मग त्यांनी विचारलं, बूट बसलेला होता का?

“न्हाई,” अनुजा म्हणाली. “बूट मामांनी बघितलाता.”

मामा तिथंच खाटेच्या पायथ्याला उभे होते. हातात तिची पिशवी, पिशवीत तो बूट. एक शब्द बोलायचा होता. डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलंही. मामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बूट चांगला असेल तर मग हाडच कच्चं, डॉक्टर म्हणाले, लहानपणी दूधबीध कमी पडलं असेल. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. लेकीच्या उशाशी बसलेल्या झुंबरबाईनं ते ऐकलं आणि पदर तोंडात धरला.

पायात धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. वय निघून गेलं. अनुजा आता राजारामपुरीतच एका भरतीच्या क्लासमध्ये टेबलावर बसते, पोरींचे अर्ज भरून देते. जिना चढताना एक पाय वर ठेवते, दुसरा त्याच्याजवळ आणते, मग पुढची पायरी. कुणी हळहळलं की सांगते, बूट फर्स्ट क्लास होता, माझाच पाय नासका निघाला. लोकांना ते पटायचं. मामांचं नाव जागच्या जागी राहिलं, उलट दुकानात गर्दी वाढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ झाकून धरायला काय पडतं ते ज्याचं त्याला माहीत. वृषभनं त्या गोष्टीचा कधी एका शब्दानं उच्चार केला नाही, मामांना तर तेच जास्त बोचायचं. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो बूट मामांनी टाकला नव्हता. दुकानाच्या माळ्यावर, जुन्या बॉक्सांच्या मागं ठेवला होता. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, शेठ-नोकर सगळे घरी जाऊन पडतात. मामा कधी कधी मागं राहायचे, माळ्यावर चढायचे, बूट काढून अंगठा रोवायचे. इतके महिने पडून राहून सोल थोडा तरी वर आला असेल, अशी वेडी आशा. आला नव्हता. यायचाही नव्हता.

यंदा दिवाळी झाल्यावर एका दुपारी, वृषभ शटर अर्धं ओढत असताना, अनुजा आली. बरोबर क्रांती नावाची पोरगी, तिच्या क्लासमधली, भरतीची तयारी करणारी. क्रांतीच्या हातात तिचा तसलाच बूट, तीन महिने पळलेला. तिची उजवी नडगी दुखत होती. कुठं दुखतंय विचारल्यावर तिनं एक बोट ठेवलं, बोटाएवढ्याच जागेवर. अनुजा हसली आणि तिला म्हणाली, मन कच्चं करू नको गं, माझंबी असंच व्हायचं, मामा म्हणाले होते आंबेहळद लाव आणि पळ. मामांनी एकदा अंगठा दाबला की तुझी शंका जाईल.

मामांनी बूट हातात घेतलाच नाही. आपण दहा सेकंदांत थुंकलेलं खोटं ह्या पोरीनं इतके दिवस जपून ठेवलंय, आणि आता ते शहाणपण म्हणून दुसरीच्या पदरात घालतेय, हे त्यांना दिसलं. आणखी एक पाय. आणखी एक पोरगी वळणावर खाली बसणार.

त्यांनी क्रांतीला सांगितलं, आज पळणं बंद, उद्या हाडाच्या डॉक्टरकडं जा, आणि ह्यो बूट परत पायात घालू नको. अनुजानं चमकून बघितलं. मग मामा तिच्याकडं वळले.

“अनू, तुझा बूट मेलाता. तू दाखवाय आणलास त्याच दिशी मला कळलंतं.”

शटरजवळ वृषभ होता तसाच उभा राहिला. अनुजा रडली नाही, ओरडली नाही. तिनं वाकून आपल्या नडगीवर हात फिरवला, जिथं कातड्याखाली स्क्रू लागतात तिथं.

“तीन आठवडं,” ती म्हणाली. “डॉक्टर तेवढंच म्हणालेते.”

मामांनी हात जोडले. ते तिनं बघितलं की नाही कळलं नाही. क्रांतीच्या खांद्यावर हात ठेवून ती निघाली. दुकानाला तीन पायऱ्या आहेत, त्या उतरायला तिला वेळ लागतो. शेवटच्या पायरीवर थांबून, मागं न बघता, तिनं एवढंच सांगितलं की आईला तुम्हीच सांगायचं. आईला वाटतंय तिनंच माझं हाड कच्चं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी दुकानाला सुट्टी टाकली आणि बूट वर्तमानपत्रात गुंडाळून गगनबावड्याची गाडी धरली. दोन तास खिडकीशी बसून काय काय बोलायचं ते जुळवत होते. एसटी गावाच्या फाट्यावर थांबली तेव्हा त्यातलं काहीच डोक्यात राहिलं नव्हतं.

झुंबरबाईला भाऊ आलेला बघून कोण आनंद. सोप्यात घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि मामा बसतात न बसतात तोवर आतून डबा आणून पुढ्यात ठेवला. नाचणीचे लाडू, डिंक घालून, घरच्या तुपातले. पोरीला नेऊन दे म्हणाली. ती लहान असताना दोन्ही वेळचं दूध डेअरीला घातलं रे आण्णा, पोरीला कोऱ्या चहावर वाढवली, डॉक्टर काय खोटं बोलत न्हाईत. तवा चार पैशांकडं बघितलं, त्याची शिक्षा माझ्या लेकीच्या हाडाला लागली. आता डेअरीला थेंब घालत न्हाई, सगळ्याचं तूप करते. हे सगळं ती हसतच सांगत होती, डोळ्यांतून पाणी मात्र गळत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

मामांनी वर्तमानपत्र सोडलं आणि बूट बाहेर काढला.

पायातली वस्तू घोंगड्यावर कशाला, झुंबरबाई म्हणाली. मग तिनं ओळखला. लेकीचा बूट, लेस अजून तिनं बांधलेली तशीच.

“झुंबर, ह्याच्यात हात घाल,” मामा म्हणाले. “हितं अंगठा दाब. जोरात.”

तिला काही कळेना, पण थोरला भाऊ सांगतोय म्हणून तिनं हात घातला. जन्मभर म्हशींची धार काढलेला अंगठा. दाबला, उचलला, आणि उजेडाकडं धरून आत बघितलं. पुन्हा दाबला.

“वर येत न्हाई की ह्यो,” ती म्हणाली. “सगळा बसलाय. हे तर कुणालाबी कळंल.”

“व्हय,” सयाजीमामा म्हणाले. “मलाबी तवाच कळलंतं.”

झुंबरबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं बूट खाली ठेवला, लाडवांचा डबा उचलला, आणि तो मांडीवर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली.